'फ्वा' म्हणजे श्रद्धा नाही हो!

प्रश्न असा होता की फ्वा ग्रा (बदक-हंसांना मुद्दाम चारून फुगवलेल्या यकृताचा फ्रेंच पदार्थ) मधल्या 'फ्वा'चा श्रद्धा या अर्थाच्या फ्रेंच 'फ्वा'शी संबंध आहे का, आणि शब्दशः अर्थ काय. संबंध शून्य. "फ्रेंच लोक काळजात श्रद्धा मानतात म्हणून एकच शब्द" हे जे ज्ञान हल्ली सगळीकडे वाटलं जातंय ते ऐकून डोकं फिरतं. श्रद्धावाला फ्वा लॅटिन 'फिदेस'वरून, 'एकदा-दोनदा'मधल्या 'दा'च्या अर्थाचा फ्वा 'विकेम'वरून, आणि हा तिसरा यकृतवाला. उच्चार एक म्हणून मूळ एक होत नाही.

खरी मजा तिसऱ्यात आहे. यकृताला लॅटिनमध्ये 'येकुर' म्हणायचे, म्हणजे आपल्या 'यकृत'चा सख्खा भाऊच, संस्कृतात षष्ठी 'यक्नः' आणि तिकडे 'येकिनोरिस', दोन्हीकडे षष्ठीत न डोकावतो!! आता रोमन खवय्ये हंसांना, डुकरांना अंजीर चारून त्यांचं यकृत फुगवायचे, रोमन कवी होरेसच्या कवितेत अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं यकृत आहे, डुकरांचं श्रेय रोमन लेखक प्लिनी हा आपिसियस नावाच्या खवय्याला देतो. अंजीर म्हणजे 'फिकुस', म्हणून ते 'येकुर फिकातुम', अंजीरवालं यकृत. मग कटिंग चहाचं नुसतं 'कटिंग' झालं तसं येकुर गळालं आणि फिकातुम उरलं. त्याचंच फ्रेंच फ्वा, इटालियन फेगातो, स्पॅनिश ईगादो. थोडक्यात फ्रेंच माणूस स्वतःचं लिव्हर दाखवायला डॉक्टरकडे जातो तेव्हाही अंजिराचंच नाव घेतो.

आता भांडणाचा मुद्दा. फिकातुममध्ये आघात (उच्चारातला जोर) 'का'वर हवा, रोमानियनमध्ये 'फिकात' तसाच आहे, पण इटालियन-स्पॅनिशमध्ये तो पहिल्या अक्षरावर सरकलाय. पंडित मंडळी याचं बिल ग्रीक 'सिकोतोन'वर फाडतात (अर्थ तोच, अंजीरवालं, आजही ग्रीकमध्ये यकृत म्हणजे 'सिकोती'). अहो पण सिकोतोनचा आघात शेवटच्या अक्षरावर आहे, मग तो पहिल्यावर कुठून आणला? सगळं ग्रीकांच्या गळ्यात मारायची सवयच आहे. माझं मत, येकुरचा आघात पहिल्या अक्षरावर होता, फिकातुमने त्याची जागा घेताना आघातही उचलला. पुरावा मागू नका, पण यांच्यापेक्षा तरी बरं जुळतं.

हां, शब्दशः अर्थ राहिलाच, 'ग्रा' म्हणजे चरबीदार, लॅटिन 'क्रासुस'वरून. आणि कृपया 'फॉय ग्रास' म्हणू नका, तो शेवटचा स लिहायचा असतो, बोलायचा नाही.