कॅनडात नोकरी मिळायला तिथलीच पदवी लागते का?

तुमचा प्रश्न असा: मेकॅनिकलची डिग्री आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे, पीआर (म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना) यायच्या बेतात आहे, पण सगळे सांगतायत की आधी स्टुडंट व्हिसावर जाऊन दोन वर्षं शिक, नाहीतर वेअरहाउसमध्ये खोकी उचलत बसशील.

मी उचलली आहेत. 2016 मध्ये आलो, चौदा महिने टोरांटोजवळच्या मिसिसागात वेअरहाउसमध्ये रात्रपाळी केली. हातात बारकोडचा स्कॅनर, आणि शेजारच्या रांगेत एक डेंटिस्ट. त्यामुळे ही भीती खोटी आहे असं म्हणणार नाही. पण त्यावर सांगितला जाणारा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आधी एक गंमत बघा. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुण देऊन निवड करणाऱ्या सरकारी पद्धतीत, एकट्या अर्जदाराला बाहेरच्या बॅचलर पदवीचे 120 गुण मिळतात. कॅनडात शिकलात तर वरून फक्त 15 किंवा 30. म्हणजे सरकारी हिशेबात पदवी कुठली याला फारसं वजन नाही. माझ्या ईसीए रिपोर्टातही (बाहेरच्या पदवीची कॅनडातल्या पदवीशी तुलना करणारा कागद) स्वच्छ लिहिलं होतं की ही पदवी कॅनडातल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची. मी खूश! तो कागद आजवर एकाही इंटरव्ह्यूत कुणी बघायला मागितलेला नाही. तो इमिग्रेशनसाठी असतो. नोकरी देणाऱ्याचा हिशेब निराळा.

तो किती निराळा, हे 2021 च्या जनगणनेत दिसतं. परदेशी पदवी असलेल्यांपैकी पाव हिश्श्याहून जास्त लोक अशा कामांवर होते, ज्यांना शाळेचा दाखला पुरतो. कॅनडात पदवी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. वैद्यकीय पदवी कॅनडातली असेल तर दहातले नऊ जण डॉक्टरकीच्या किंवा तिच्या जवळच्या कामात. बाहेरची असेल तर साधारण चार.

एजंट नेमके हेच आकडे दाखवतात. पण इथे शिकलेला माणूस बहुधा तरुणपणी आलेला असतो, भाषा अंगवळणी पडलेली असते, शिकता शिकता कुठेतरी कामाला लागलेला असतो. यातलं पदवीमुळे किती आणि बाकीच्यामुळे किती, हे आकडा सांगत नाही.

टोरांटो विद्यापीठाच्या फिलिप ओरिओपोलस यांनी ते वेगळं काढायचा प्रयत्न केला. हजारो बनावट रेझ्युमे टोरांटोतल्या खऱ्या जाहिरातींना पाठवले. नाव, पदवीचा देश, अनुभवाचा देश हे बदलत गेले आणि कुणाला बोलावणं येतं ते मोजलं. भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. नामांकित कॉलेजची पदवी लिहूनही ती दरी बुजली नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी की, कॅनडातल्या शिक्षणापेक्षा कॅनडातल्या अनुभवाला मालकांनी कितीतरी जास्त किंमत दिली. दोन वर्षांची फी भरण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

मग शिक्षण फुकटच का? तेही नाही. माझा पहिला खरा इंटरव्ह्यू एका मशीन शॉपमध्ये होता. समोरच्याने एक ड्रॉइंग सरकवलं आणि विचारलं, ही खाच पार्टच्या कुठल्या बाजूला आहे? मी बेधडक उजवी सांगितली. ती डावी होती. ड्रॉइंगमध्ये बाजूची चित्रं मांडायच्या दोन पद्धती असतात. आपण फर्स्ट अँगलमध्ये शिकलो, तिथे डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात. इथे सगळं थर्ड अँगल, डावं ते डावीकडे. कोपऱ्यात पद्धतीचं चिन्ह छापलेलं होतं, मी बघितलंच नाही. वर मापं इंचात, आणि तो माणूस ‘फाइव्ह थाऊ’ म्हणाला तेव्हा पाच हजारांश इंच हे कळायला मला दोन सेकंद लागले. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझाही तिकडचा सहा वर्षांचा अनुभव गेला पाण्यात.

नंतर संध्याकाळचा बारा आठवड्यांचा इन्स्पेक्शनचा कोर्स केला, एका सरकारी कॉलेजात. कागद म्हणून त्याची किंमत शून्य. पण शिकवणारा दिवसा एका कारखान्यात क्वालिटी बघायचा. त्याने माझं काम पाहिलं होतं, त्याने फोन केला. त्या नोकरीत लागल्यावर माझी जुनी सहा वर्षंही अचानक कामाची ठरली. रेचल फ्रीडबर्ग यांनी 2000 साली इस्रायलमधल्या स्थलांतरितांवर लिहिलेल्या निबंधात हेच आहे: बाहेरच्या शिक्षणाला कमी मोल मिळतं, पण नव्या देशात पुढे थोडं शिकलं की त्या जुन्या शिक्षणाचंही मोल वाढतं. मला तो निबंध फार उशिरा सापडला.

आता तुमच्याबद्दल. पीआर मिळत असताना स्टुडंट व्हिसावर जाणं म्हणजे स्वतःहून कित्येक पट फी भरणं. पीआर घेऊन या. मग तुम्हाला इथल्या माणसाइतकीच फी पडते, आणि ऑन्टॅरिओत (टोरांटोच्या प्रांतात) असाल तर ओसॅपच्या, म्हणजे प्रांत सरकारच्या विद्यार्थी योजनेच्या, मदतीसाठीही अर्ज करता येतो. तुमच्या डिग्रीच्या खालचा ‘जनरल बिझनेस’ डिप्लोमा कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. शिकायचंच असेल तर को-ऑप (शिकता शिकता कंपनीत काम) असलेला कोर्स बघा, किंवा परदेशात शिकलेल्यांसाठीचा ब्रिजिंग प्रोग्रॅम. तिथून पहिला स्थानिक अनुभव मिळतो आणि तुमच्याबद्दल दोन शब्द सांगणारा माणूस मिळतो.

नियमही थोडे सुधारलेत. ऑन्टॅरिओत इंजिनिअरच्या लायसन्ससाठीची कॅनडातल्या अनुभवाची अट 2023 मध्ये गेली. 1 जानेवारी 2026 पासून तिथे पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीतही ती अट घालता येत नाही. रेझ्युमे चाळणाऱ्यांची सवय मात्र लगेच जाईल असं मला वाटत नाही.

घरात कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर हे उत्तर त्यांना लागू नाही. तिथे लायसन्सच सगळं ठरवतं, त्याची चौकशी निघण्याआधी करा.

आणि विमानात बसण्यापूर्वी थर्ड अँगलची वीस-पंचवीस ड्रॉइंग वाचून या. त्याला फी नाही.