सेंद्रिय कर्ब ०.४८ की १.७? आधी चुना वजा करा

दादा, दोन वर्षं शेणखत आणि ह्युमिक ॲसिडची पावडर टाकून सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्याचा कार्बन) ०.४५ टक्क्यांवरून जेमतेम ०.४८ वर गेला, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच रानाचा १.७ दाखवला, असं तुम्ही लिहिलंय. मीही यातून गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या अहवालाच्या फोटोत खाली मुक्त चुना १० टक्के छापलाय, तो बघा. मुक्त चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो. म्हणजे १० टक्के चुन्यात १.२ टक्के. १.७ मधून १.२ वजा करा, उरले ०.५. तुमचा पहिला अहवाल बरोबर आहे.

वॉकली-ब्लॅक ही कर्ब मोजायची १९३४ ची जुनी पद्धत. डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लाने कर्ब जाळायचा. चुना त्यात फसफसून निघून जातो, पण डायक्रोमेट खर्च करत नाही, म्हणून आकड्यात येत नाही. सगळा सेंद्रिय कर्बही तिच्यात जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून उत्तराला १.३ ने गुणतात. नवं मशीन नमुना भट्टीत जाळून निघेल तेवढा सगळा कार्बन मोजतं. आधी आम्ल टाकून चुना घालवला नाही तर काळ्या रानात आकडा फुगणारच. मशीन वाईट नाही, वापरणारे आळशी.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. अहवालात कर्ब 'भरपूर', म्हणून उसाचं नत्र (नायट्रोजन) २५ टक्के कमी करा असा सल्ला छापून आला. ऐन फुटव्यात ऊस पिवळा पडला. कागद घेऊन त्या प्रयोगशाळेत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, "मशीन परदेशी आहे, चुकत नाही." मुक्त चुन्याचा आकडा त्याच कागदावर होता, त्यांनीच काढलेला! साहेब मीटिंगला, तक्रार लेखी द्या, लेखी दिली तर नमुना फेकून दिला म्हणून फेरतपासणी नाही. नत्र मागाहून दिलं, पण गेलेला फुटवा परत येत नाही. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पण कर्ब १ च्या वर आणि चुना ८-१० टक्के असा काळ्या जमिनीचा अहवाल दिसला की खताची मात्रा बदलण्याआधी 'कोणत्या पद्धतीने काढला' हे लेखी विचारा.

आता ०.०३ च का वाढला. एकरभर रानाचा वरचा १५ सेंटीमीटर थर अंदाजे ८०० टन. त्यात कर्ब ०.१ ने वाढवायचा म्हणजे ८०० किलो कार्बन टिकवायचा. ५ टन शेणखतातला निम्मा ओलावाच, कार्बन धरा ७००-७५० किलो, आणि त्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. मग ०.०३ कमी कसा? उलट एवढा फरक दोन तपासण्यांच्या चुकीतही बसतो, त्याचा आनंदही नको नि दुःखही नको. आणि ह्युमिकचं म्हणाल तर २ किलो पावडरीत कार्बन किलोभर. ८०० टनांत किलोभर! मुळांवर थोडाफार परिणाम होत असेल, मी नाही म्हणत नाही, पण कर्ब वाढवायला ते घेत असाल तर पैसे वाचवा.

टिकतो तो कर्ब मातीच्या बारीक कणांना चिकटलेला. नुसता पालापाचोळा काही वर्षांत संपतो. जिवाणू तो खातात, मरतात, त्यांची मेलेली शरीरं आणि चिकट स्राव चिकणमातीला धरून बसतात, आणि तिथे दुसऱ्या जिवाणूंना ते सहज खाता येत नाहीत. आपल्या काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार, सेंद्रिय आम्लांवरही ऋण भार, मग दोघांच्या मध्ये कॅल्शियम पूल होऊन बसतो. म्हणजे ज्या चुन्याने अहवाल बिघडवला, त्याच जातीचं कॅल्शियम रानात कर्ब धरून ठेवतं.

हा पूल तोडतं ते सोडियम. बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं दिलेल्या चोपण (सोडियम साचलेल्या) रानात पाणी सुकल्यावर वर काळसर पापुद्रा दिसतो ना, तो सुटून वर आलेला कर्बच. तिथे आधी निचरा आणि जिप्सम, शेणखत नंतर. जिप्सम किती ते सोडियमचा आकडा बघूनच ठरवा, माझ्या सांगण्यावरून पोती उचलू नका. आणि क्षारपड रानाचा नमुना असेल तर प्रयोगशाळेला तसं सांगा, क्लोराइडमुळे वॉकली-ब्लॅकचाही आकडा फुगतो.

हे सगळं काळ्या रानाचं. कोकणातल्या लाल जांभ्याच्या मातीत चुना जवळपास नसतोच. तिथे लोहाच्या ऑक्साइडला सेंद्रिय आम्लं थेट चिकटतात, आणि स्फुरदही (फॉस्फरस) त्याच जागांवर जाऊन अडकतं. म्हणून तिकडच्या मंडळींनी सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून दिलं तर फायदा होतो, सेंद्रिय आम्लं काही जागा आधीच अडवतात.

मी मृदाशास्त्रज्ञ नाही, वाचून आणि चटके खाऊन शिकलेला शेतकरी आहे. पण तुमच्या जागी असतो तर ह्युमिकचे पैसे ताग-धैंच्यासारख्या हिरवळीच्या खताच्या बियाण्यात घातले असते, पाचट जाळलं नसतं, आणि वाफसा नसताना रोटाव्हेटर फिरवला नसता. मुळांचा कर्ब मातीत जागेवरच तयार होतो, वरून टाकलेल्यापेक्षा तो जास्त टिकतो.

नमुना पुन्हा देणार असाल तर काडीकचरा, मुळं निवडून काढा. शेणखताचा एक खडा आला तरी आकडा उडतो. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत, खत टाकण्याआधी. आणि आत्ता नत्राची मात्रा ०.४८ धरूनच ठेवा, १.७ च्या अहवालावर कापू नका.