टेनेक्स की एसके? आधी बॅरलला विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी सतरा वर्षांची, तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारतेय, आता ५० मीटर थ्री पोझिशनला उतरायचंय, म्हणजे गुडघ्यावर (नीलिंग), झोपून (प्रोन) आणि उभ्याने (स्टँडिंग) मारायचं. रायफल क्लबची, जुनी अँशुट्झ. कोच म्हणतात गोळी एली कंपनीची टेनेक्सच आणा. दुकानदार म्हणतो स्वस्तातली एसके स्टँडर्ड प्लस पुष्कळ झाली. आणि तुमच्या भावाचे एक मित्र हाय व्हेलॉसिटी गोळ्या निम्म्या भावात देतो म्हणतात. ऐकायचं कुणाचं?

या मित्रांचा विषय पहिल्यांदा संपवू. .१७७ ची एअर रायफल तुम्ही परवान्याशिवाय घेतली असेल, पण ५० मीटरची .२२ रायफल हे अग्निशस्त्र आहे. गोळी परवान्यावर, नोंद होऊनच मिळते, नाहीतर क्लबमध्ये क्लबच्या साठ्यातून. ओळखीतून पेट्या घेणं म्हणजे आर्म्स ॲक्टखाली स्वतःहून पोलीस चौकी गाठणं. मुलीचं पुढचं सगळं त्यात अडकेल.

आणि कायद्याचं सोडलं तरी ती गोळी तिच्या कामाची नाही. हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास निघते, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगात. टार्गेटकडे जाताना तिचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत उतरतो आणि नेमकी तिथे ती बिथरते. मॅचची गोळी मुद्दामच ३२०-३३० ला ठेवलेली असते. गंमत म्हणजे वाऱ्यात वेगवान गोळीच जास्त वाहते, हे नवीन मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या गोळ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी ठीक आहेत, तिथे बोल्ट मागे ढकलायला जोर लागतो. तुमची रायफल बोल्ट ॲक्शन, एकेक गोळी हाताने भरायची. तिचं चेंबरही (नळीत गोळी बसते ती जागा) घट्ट असतं. भरलेली मॅचची गोळी न उडवता बाहेर काढून बघा (रेंजवर, कोचसमोर), शिशावर बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांचे बारीक ओरखडे दिसतील. गोळी उडण्याआधीच आट्यांना टेकून बसलेली असते. घट्ट चेंबरचा फायदा तोच.

आता टेनेक्स की एसके. भावात फरक अडीच-तीन पट. त्या पैशात मिळतं काय, ते मोजून बघू.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. भोकाची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा. म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी. आता रायफल टेकूवर घट्ट बसवून दहा गोळ्या मारल्या आणि ग्रुप (भोकांचा पुंजका) सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत १६ मिलिमीटरमध्ये आला, तर त्या गोळीने दहाच्या दहा दहा येऊ शकतात. बॅरलला मानवलेली एसके हे काम करते. उत्तम टेनेक्स १२-१३ मध्ये बसेल. फरक पडला त्रिज्येत दीड-दोन मिलिमीटरचा, पाव गुणाचा. तुमची मुलगी स्टँडिंगमध्ये पहिल्या वर्षी सात-आठवर फिरणार, म्हणजे केंद्रापासून १६ ते ३२ मिलिमीटर लांब. तिथे टेनेक्स काय करणार?

प्रोनमध्ये मात्र गोष्ट वेगळी. तिथे चांगला नेमबाज दशांशावर भांडत असतो, फायनलही दशांशातच मोजतात. त्या पातळीवर पाव गुण म्हणजे पदक. कोच चुकीचं सांगत नाहीत, दोन वर्षं लवकर सांगतायत.

आता मी स्वतः पोळलो ती गोष्ट. २००० च्या दशकात मी राज्य स्पर्धेची तयारी करत होतो. पैसे जमले तसे महागातल्या गोळ्या घेत गेलो, कधी दोन पेट्या, कधी चार. डब्यावर नाव एकच, म्हणून निश्चिंत. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ग्रुप उघडायला लागला. मी पकड बदलली, स्लिंगचं (रायफल हाताशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं) भोक बदललं, रात्री झोप नाही. शेवटी एका जुन्या सरांनी पेट्या हातात घेऊन उलट्या केल्या आणि लॉट नंबर वाचून दाखवले. पाच पेट्या, चार लॉट.

.२२ मध्ये ब्रँडपेक्षा लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल, मोठा. स्फोटक मसाला काडतुसाच्या पोकळ कडेत ओला भरून फिरवून पसरवतात. तो किती सारखा पसरला, शिसं कसं आलं, गोळीवर ग्रीस किती लागलं, यात प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो. लापुआ या दुसऱ्या कंपनीच्या सेंटर-एक्स आणि महागडी मिडास प्लस या गोळ्या एकाच लाइनवर तयार होतात आणि तपासणीनंतर प्रतवारी लागते, आपल्याकडे आंब्याची लावतात तशी. त्यामुळे तुमच्या बॅरलला मानवलेला सेंटर-एक्सचा लॉट, न मानवलेल्या मिडासला सहज मागे टाकतो. बॅरल डब्याची किंमत वाचत नाही.

म्हणून माझं मत सांगतो. ती आठवड्यातून तीन दिवस शंभर-शंभर गोळ्या मारेल, तर वर्षाला चौदा-पंधरा हजार होतात. सगळ्या टेनेक्स परवडणार नाहीत, आणि आपल्याकडे ही गोळी हवी तेव्हा दुकानात जाऊन उचलायची वस्तू नाही. आयात होऊन येते, कधी महिनोन्‌महिने येतच नाही. क्लबला विचारा की कोणकोणते लॉट भरपूर शिल्लक आहेत. त्यातल्या तीन-चार लॉटची एकेक पेटी घ्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, वारा नसताना, सकाळी सातच्या आत, प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे दोन ग्रुप. कोचना मारू द्या, मुलीला नको. ब्रँड बदललात तर पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजू नका, आधीचं ग्रीस निघून नवीन बसेपर्यंत बॅरल खोटं बोलतं. जो लॉट सोळाच्या आत येईल तो परवडेल तेवढा एकदम घ्या. दहा पेट्यांची ब्रिक म्हणजे ५०० गोळ्या, तशा निदान चार-पाच. मग तो एसके असो नाहीतर दुसरा कोणी. सरकारी कारखान्याची गोळी मिळाली तर बोल्ट हाताळणं, गोळी भरण्याची लय, एवढ्या सरावाला ती चालते. गुण लिहायला नाही.

वाचलेल्या पैशात तिला चांगलं जॅकेट आणि नीलिंग रोल घेऊन द्या. एअरचं जॅकेट स्टँडिंगला चालेल, पण प्रोनसाठी त्यावर स्लिंगचा हुक आणि कोपराचा पॅच आहे का ते बघा.

टेनेक्स घ्यायची वेळ कधी आली ते तिची सरावाची वहीच सांगेल. प्रोनमध्ये वीस गोळ्यांत १९५ च्या वर सलग महिनाभर आले, आणि दहा हुकून नऊ आलेल्या गोळ्यांपैकी निम्म्यांना ती म्हणाली की ‘सर, मी तर दहाच मारली होती’, आणि तुम्हाला ते खरं वाटलं, की मग टेनेक्सकडे बघा. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून कोल्हापूरकडची बरीच मुलं थेट ५० मीटरकडे बघतात, आणि पालक थेट महागड्या डब्याकडे.

एक राहिलं. स्पर्धेला दिल्लीला हिवाळ्यात गेलात तर सकाळच्या थंडीत वेग उतरतो आणि ग्रुप खाली बसतो. साइटर (सुरुवातीच्या न मोजल्या जाणाऱ्या गोळ्या) मारताना नेम जुळवायला साइटला क्लिक द्यावे लागतील, त्याला लॉट बिघडला समजू नका. उलट मे महिन्यात पेट्या बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, ग्रीस पातळ होऊन एका बाजूला ओघळतं. वहीत प्रत्येक सेशनला लॉट नंबर आणि तापमान लिहायला सांगा. आणि रायफलचं नेमकं मॉडेल, बॅरल किती वर्षांचं, ते इथे कळवा. क्लबच्या अँशुट्झने आजवर फारच गोळ्या खाल्ल्या असतील तर चर्चा गोळीची नाही, बॅरलची करावी लागेल.