अर्धा प्याला आणि एक घास

भाषा अजिबात येत नसलेल्या देशात गेल्यावर तिथली माणसे आपल्यासारखीच आहेत हे खरोखर जाणवते, की तो प्रवाशाचा भाबडा समज असतो, असे तुम्ही विचारले आहे. मला ते जाणवले आहे. मात्र हसण्या-खुणावण्यातून नव्हे, तर लोक काय जपतात ते पाहताना, आणि तेही आधी चुकीचा अर्थ लावून झाल्यावर.

उझबेकिस्तानात ताश्कंदहून खिव्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत माझ्या समोरच्या बाकावर साठीच्या एक बाई होत्या. मला उझबेक किंवा रशियन येत नव्हते आणि त्यांना त्याखेरीज काही येत नव्हते. गाडी सुटताच त्यांनी डब्याच्या टोकाच्या बंबातून गरम पाणी आणून हिरवा चहा केला, पण माझा प्याला अर्धासुद्धा भरला नाही. त्या हात राखून देत आहेत असे मला वाटले, आणि त्या विचाराची आजही लाज वाटते. प्याला रिकामा होताच त्या पुन्हा तेवढाच चहा ओतत होत्या. तिथे थोडा थोडा चहा देत राहणे हाच पाहुण्याचा मान असतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे आता निघालात तरी चालेल, अशी सूचना.

मग आम्ही वस्तूंकडे बोट दाखवून नावे सांगू लागलो. त्यांचा ‘पियोला’ आपला प्याला निघाला, आणि फळांना त्या ‘मेवा’ म्हणाल्या. फारसीतून दोन्हीकडे गेलेले हे शब्द. मराठीत ते बहमनी काळापासूनच्या दख्खनी राजवटींतून रुजले. तरीही शब्दांच्या या नात्यापेक्षा पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्यांनी ‘नोन’, म्हणजे तंदुरात भाजलेली जाड गोल रोटी, सुरी न लावता हाताने मोडली. त्यातला एक तुकडा माझ्या हातून खाली पडला, तेव्हा त्यांनी तो चटकन उचलून ओठांना आणि कपाळाला लावला व बाजूला उंचावर ठेवला. धान्याला पाय लागला की माझी आजी नेमकी अशीच वाकून ते डोळ्यांना लावत असे.

आणखी एक दृश्य मी ताश्कंदच्या फलाटावरच पाहिले होते, पण त्याचा अर्थ खिव्यात मुक्कामाच्या घरी, थोडे इंग्रजी जाणणाऱ्या मुलीने सांगितल्यावर कळला. गाडीत चढणाऱ्या एका तरुणापुढे त्याच्या आईने अख्खी नोन धरली, त्याने एकच घास घेतला आणि उरलेली तिने फडक्यात बांधली. त्याला भूक नसावी, असे मी तेव्हा समजले होते. लांबच्या प्रवासाला किंवा सैन्यात निघालेल्याने असा घास घ्यायचा, आणि तो परत येऊन उरलेली रोटी खाईपर्यंत ती घरात जपून ठेवायची, अशी ती रीत आहे. ते ऐकताना मला निघण्यापूर्वी तळहातावर दही ठेवणारी माझी आई आठवली. मी ‘जाते’ म्हणाले, तर ‘येते म्हण’ असे ती प्रत्येक वेळी बजावते. फलाटावरच्या त्या आईशी मला एक वाक्यही बोलता आले नसते, पण घरी गेल्यावर ती त्या फडक्याकडे दिवसातून किती वेळा पाहील, हे मला कुणी सांगावे लागले नाही.