पीएचपी सॉफ्टवेअरमधून हप्त्याची आठवण ठरल्या वेळी ईमेलने कशी पाठवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकातल्या निपाणीच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चालतं. हप्त्याच्या ३ दिवस आधी सकाळी ८ वाजता कर्जदाराला ईमेल जायला हवा. तो कोड सध्या लॉगिनच्या पानात आहे. कधी मेल जातच नाही, कधी एकालाच दोनदा जातो.

तिथे ठेवला तर हे असंच होणार. कुणी पान उघडलं की पीएचपी चालतं आणि पान तयार झालं की थांबतं. रविवारी कुणी लॉगिन केलं नाही तर मेल नाही. सोमवारी दोघांनी एकदम केलं तर दोन मेल. हे काम क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या सोयीचं आहे. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) ‘क्रॉन जॉब्स’ या नावाने ते मिळतं.

मात्र क्रॉनमधून सगळ्यांना थेट मेल धाडणारी एकच स्क्रिप्ट लिहू नका. दोन लिहा. पहिली रोज पहाटे एकदा चालेल आणि कुणाला काय पाठवायचं ते ठरवून एका टेबलात ओळी टाकेल. दुसरी दर ५ मिनिटांनी चालेल, वेळ झालेल्या ५० ओळी उचलेल आणि पाठवेल. होस्टिंगवाले ताशी किती मेल सोडू देतात ते विचारून हा आकडा ठरवा.

टेबलात कर्ज खाते क्रमांक, हप्त्याची तारीख, मेलचा प्रकार, पत्ता, भाषा, पाठवायची वेळ, स्थिती, प्रयत्नांची संख्या आणि शेवटची एरर एवढं हवं. पहिल्या तिन्हींवर मिळून युनिक की (तेच तिन्ही पुन्हा येऊ न देणारी अट) लावा आणि ओळी ‘इन्सर्ट इग्नोर’ने टाका; आधीच असलेली ओळ ते सोडून देतं. मग पहिली स्क्रिप्ट चुकून चार वेळा चालली तरी ओळ एकच राहते. दोनदा मेल जाण्यावरचा खरा उपाय हाच.

ओळी उचलताना ‘पाठवायची वेळ आत्ताच्या वेळेइतकी किंवा त्याआधीची’ अशी अट घाला, ‘बरोबर ८’ अशी नको. उद्या संस्थेने सर्व्हर स्वतःच्याच कॉम्प्युटरवर आणला आणि पावसाळ्यात सकाळी तासभर वीज गेली, तरी वीज आल्यावर मेल निघतील. हप्त्याची तारीख उलटून गेली असेल तर मात्र ती ओळ रद्द करा. आणि पाठवण्याच्या क्षणी हप्ता भरला आहे का ते पुन्हा तपासा. आदल्या संध्याकाळी काउंटरवर पैसे भरलेल्या माणसाला सकाळी ‘हप्ता भरा’ असा मेल गेला, तर त्याला तो अपमान वाटतो आणि संस्थेला सभासद गमवावा लागतो.

दुसरी स्क्रिप्ट सुरू होताच एफलॉक या पीएचपीच्या फंक्शनने एका फाइलवर कुलूप घ्या. ते मिळालं नाही तर लगेच बाहेर पडा. नाहीतर आधीची फेरी रेंगाळली असताना पुढची सुरू होते आणि त्याच ओळी पुन्हा उचलते. पाठवण्याआधी स्थिती ‘चालू’ करा, गेल्यावर ‘पाठवला’. १५ मिनिटांहून जास्त ‘चालू’ राहिलेली ओळ परत रांगेत घाला. यात क्वचित एखादा मेल दोनदा जाईल, पण न जाण्यापेक्षा ते बरं. मेल सर्व्हरचं उत्तर ४ ने सुरू झालं तर अडचण तात्पुरती असते; ५, १५ आणि ६० मिनिटांनी परत प्रयत्न करा. ५५० सारखं ५ ने सुरू होणारं उत्तर आलं तर थांबा आणि तो पत्ता तपासायला कारकुनाच्या यादीत दाखवा.

वेळेचा घोळ हमखास होतो. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो. आपले सकाळचे ८ म्हणजे तिथले पहाटेचे २:३०. पीएचपीत ‘एशिया/कोलकाता’ आणि मायएसक्यूएल डेटाबेसच्या जोडणीत +०५:३० असं दोन्हीकडे ठरवा. एकाच ठिकाणी केलंत तर साडेपाच तासांचा फरक तसाच राहतो. क्रॉनचं पीएचपी वेबच्या पीएचपीपेक्षा वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं आणि त्याचं चालू फोल्डरही वेगळं असतं, म्हणून फाइलींचे पूर्ण पत्ते द्या आणि आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवा.

पाठवायला पीएचपीचं स्वतःचं मेल() फंक्शन वापरू नका. त्याने ‘ट्रू’ दिलं म्हणजे मेल पोहोचला असं नाही, फक्त पुढे सोपवला गेला. पीएचपीमेलर ही तयार लायब्ररी घ्या आणि एसएमटीपीने (मेल पाठवायच्या प्रमाणित पद्धतीने) पोर्ट ५८७ वरून पाठवा. पीएचपीमेलरचा मूळ कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) आयएसओ-८८५९-१ आहे. तो यूटीएफ-८ केला नाही तर मराठी आणि कन्नड दोन्हींच्या जागी कचरा दिसतो. लूपमध्ये प्रत्येक मेलनंतर ‘क्लिअर अ‍ॅड्रेसेस’ न चुकता बोलवा. ते विसरलं तर पत्ते साठत जातात आणि एका कर्जदाराला आधीच्या सगळ्या कर्जदारांचे पत्ते दिसतात. पतसंस्थेच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. मजकुरात खाते क्रमांकाचे शेवटचे ४ आकडेच द्या.

‘प्रेषक’ म्हणून संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) यांपैकी निदान एक हवं असतं. तुम्ही दोन्ही लावा. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या की तपासणीच फसते.

हप्त्याच्या तारखा पीएचपीच्या ‘+१ महिना’ने काढत असाल तर ३१ जानेवारी २०२५ चा पुढचा हप्ता ३ मार्च निघतो, फेब्रुवारी वगळलाच जातो. कर्जाच्या मूळ तारखेपासून महिने मोजा आणि त्या महिन्यात तो दिवस नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस घ्या. आधीच्या हप्त्यावरून मोजलंत तर फेब्रुवारीनंतर सगळे हप्ते २८ तारखेलाच अडकतात.

सुट्ट्यांची यादी कोल्हापूरच्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून जशीच्या तशी उचलू नका; १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी तिच्यात नसेल. भाषा सभासदागणिक नोंदवा, आडनावावरून ठरवू नका. ज्याची नोंद नाही त्याला वर मराठी, खाली कन्नड असा एकच मेल पाठवा.