संध्याकाळी गोळा, सकाळी गायब

प्रश्न: परसात कोंबडीची सहा आठवड्यांची पाच पिल्लं आहेत. परवा संध्याकाळी खुराड्यात घालताना एकाच्या छातीला उजवीकडे लिंबाएवढा गोळा हाताला लागला. घाबरून बाकीची चाचपली, तर आणखी दोघांना तसाच. शेपटीच्या मुळाशी बारीक फोडही दिसतो, मानेवर पिसांऐवजी काळपट काटे आलेत आणि पंखाखाली तर पीसच नाही. गोळा दाबून रिकामा करा, असं शेजारी म्हणतात. काय करू?

उत्तर: आधी शेजाऱ्यांना आवरा. गोळा दाबला की आतलं अन्नपाणी उलटं घशात येतं, आणि ते श्वासनळीत शिरलं तर धडधाकट पिल्लू हातातल्या हातात दगावतं.

तो गोळा म्हणजे पिल्लाची अन्नपिशवी. कोंबडीला दात नाहीत. टिपलेलं खाद्य आधी अन्ननलिकेच्या या फुगवट्यात साठतं, भिजतं आणि मग थोडं थोडं पुढे सरकतं. पिशवी मधोमध नसून किंचित उजवीकडे असते, म्हणून गोळा एकाच अंगाला लागतो. झोपण्याआधी पिल्लं पोटभर खाऊन घेतात, त्यामुळे संध्याकाळी तो टपोरा जाणवणारच. ज्या दोघांना लागला नाही, ती कदाचित दाण्यापाशी मागे पडत असतील. माझं लक्ष उलट त्यांच्याकडे गेलं असतं.

खरी तपासणी पहाटेची. रात्री खाद्य काढून ठेवा आणि सकाळी दाणा टाकायच्या आधी त्याच पिल्लाच्या छातीवरून बोट फिरवा. जागा सपाट, सैल लागली तर विषय संपला. सकाळीही गोळा टणक असेल, किंवा पाण्याच्या फुग्यासारखा डुचमळत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर पशुवैद्याकडे न्या. लांब, चिवट गवताच्या गुंत्याने पिशवी तुंबते. पिल्लं गवत किंवा अख्खं धान्य खात असतील तर बारीक खडे त्यांच्यापुढे असू द्या. पुढे जठरात अन्न दळायला तेच उपयोगी पडतात.

चाचपताना छातीच्या मधोमध एक धारदार हाड लागेल. त्यानेही पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. या वयात ते हाताला लागायचंच. दोन्ही बाजूंचं मांस आत गेलेलं असेल तरच पिल्लू खंगतंय असं समजा.

शेपटीवरचा फोड ही तेलाची ग्रंथी. पिल्लू तिथे चोच घासतं आणि ते तेल पिसांना लावतं. नीट बसून पाहिलंत तर दिसेल. तीही दाबायची नाही.

मानेवरचे काटे म्हणजे वेष्टनात गुंडाळलेली नवी पिसं. वाढत असताना त्यांत रक्त असतं, म्हणून काळपट दिसतात, आणि उपटलं तर रक्त येतं. वेष्टन सुटताना कोंड्यासारखा भुगा पडतो, तो झटकला की झालं. पिसं फुटतात ती आधी पंखांवर, मग शेपटीवर, आणि डोकं-मान बहुधा सगळ्यात शेवटी. मधल्या काळात पिल्लू अगदी ओंगळ दिसतं, पण ते रूप काही आजाराचं नव्हे. पंखाखाली काही पट्टे कायमचेच उघडे असतात. सातव्या-आठव्या आठवड्यापासून ही पहिली पिसं गळून नवी येऊ लागतील, तेव्हा परसभर पिसं दिसली तर पुन्हा पत्र लिहू नका! पिसं अर्धवट तुटलेली आणि कातडी लालभडक असेल, तर मात्र पिल्लं एकमेकांना टोचताहेत. जागा वाढवा.

प्रश्न: एकाचा तुरा मोठा, लालसर झालाय, बाकीच्यांचा फिकट. कोंबडा समजायचा का?

उत्तर: सहाव्या आठवड्यात असा तुरा असेल तर बहुधा कोंबडाच. तलंगेचा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबडीचा, तुरा अंड्यावर यायच्या सुमारास, म्हणजे साधारण 18 ते 20 आठवड्यांनी लाल होतो. काही जातींत त्याहून उशिरा. पण मी तुऱ्यावर पैज लावत नाही. तिसरा महिना उलटला की शेपटीच्या आधीच्या पाठीवरची पिसं बघा: कोंबड्याची लांब, टोकदार, तलंगेची गोल टोकाची. काही मोजक्या जातींत कोंबड्याची पिसंही तलंगेसारखीच असतात, तिथे आरवण्याची वाट पाहायची.

प्रश्न: अधूनमधून एखादी विष्ठा चिकट, तपकिरी आणि भयंकर घाण वासाची असते. औषध द्यावं का?

उत्तर: नको. कोंबडीच्या आतड्याला एका टोकाला बंद अशा दोन पिशव्या असतात, त्या रिकाम्या झाल्या की अशी विष्ठा पडते. रोज होतं. विष्ठेत रक्त दिसलं आणि पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसलं, तर त्याच दिवशी दाखवा; या वयात कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवीजन्य रोग पटकन पसरतो. जाताना ताजी विष्ठा डबीत घालून न्या, म्हणजे तपासता येईल.