माफुयु मौनात नाही, घुमा झालाय

प्रश्न असा आहे: 'गिवन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला माफुयु सातो मनावरच्या आघातामुळे आतलं काही बोलत नाही. त्याच्या गप्प राहण्याला 'मौन' म्हणावं की 'अबोला'?

दोन्ही नको. बीएल (बॉईज लव्ह, म्हणजे मुलामुलांच्या प्रेमाच्या) मालिकांवर लिहिताना 'त्याने मौन बाळगलं' हे जिथे तिथे वाचून वीट आलाय. मौन म्हणजे मुनीचा भाव. ते ठरवून धरतात आणि ठरवून सोडतात. अबोला कुणाशी तरी धरायचा असतो, समोर माणूस लागतो. इथे माफुयुचा प्रियकर युकी मरून गेलाय. भांडणात माफुयु त्याला बोलून गेला, 'मग माझ्यासाठी मरशील का?', आणि युकीने खरंच जीव दिला. त्यानंतर माफुयुला शब्दांचीच धास्ती बसली. ('ट्रॉमा'ला आघात म्हणणंही मला पटत नाही. मूळ ग्रीक शब्द जखमेचा आहे, घाव घालण्याचा नाही.)

हवा तो शब्द 'घुमा'. विहिरीत आवाज घुमतो, वळचणीला पारवा घुमतो, अंगात आलेली बाई घुमते. तिन्हीकडे नाद आहे, अक्षर नाही. घुमा म्हणजे ज्याचा आवाज बाहेर न पडता आतच फिरत राहिलाय तो, असं माझं ठाम मत आहे. घुम्याला 'आतल्या गाठीचा' म्हणून मोकळे होणारे जाणकार चुकतात. आतल्या गाठीचा माणूस लपवतो. घुम्याला सांगताच येत नाही. आणि देवळाचा घुमट कृपा करून इथे ओढू नका, तो फारसी 'गुंबद'वरून आलाय. गोव्याच्या घुमट वाद्याचं मात्र वेगळं. त्याच्या मातीच्या पोटात नाद घुमतोच.

आता मालिका (2019, 11 भाग) या कानाने ऐका. माफुयुकडे युकीची गिटार आहे, तारा गंजलेल्या. शाळेतला गिटारवादक रित्सुका, ज्याच्या बँडमध्ये माफुयु पुढे येतो, त्या बदलून देतो. मग माफुयु एक धून गुणगुणतो, बिनशब्दांची. हेच ते घुमणं! रित्सुका त्या धुनेवरून चाल बांधतो, शब्द माफुयुने लिहायचे ठरतं आणि तिथेच सगळं अडतं. बँडच्या कार्यक्रमाचा दिवस उजाडतो तरी एक ओळ नाही. नवव्या भागात, मंचावर, तो गातो.

क्रियापदंही वेगळी आहेत. मौन सोडतात, अबोला मिटतो, घुम्याला कंठ फुटतो. नवव्या भागाबद्दल लिहाल तेव्हा 'माफुयुला कंठ फुटला' असं लिहा.